वहीत न लिहिलेलं दुखणं

कुणी भाकरी उरकून रेडिओजवळ बसल्या असाल, कुणी कांद्याच्या वाफ्यात मोबाइलवर ऐकत असाल. आजचा विषय जरा लांबचा वाटेल, पण शेवटी तो तुमच्या-माझ्या वावरातच येऊन थांबणार आहे.

राळेगणसिद्धीत यादवबाबांच्या देवळापाशी बचत गटाची बैठक होती. हिशेब झाला, वर्गणी गोळा झाली, चहा आला. तेवढ्यात एक मावशी म्हणाल्या, "ताई, माझी लेक मिलिटरी पोलिसात भरती व्हायची तयारी करतीय. पहाटे उठून पळायला जाते. अभिमान आहेच, पण लढाईत विषारी गॅस सोडतात म्हणतात. पुरुषांवर काय परिणाम होतो ते कुणी तरी बघत असेल. बाईच्या शरीराचा कुणी अभ्यास केलाय का?" त्यावर भिंतीला टेकून बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "त्यासाठी लढाईवर कशाला जायचं गं? आपल्या वावरात काय वेगळं चाललंय?"

मावशींचा प्रश्न खरा होता आणि आजींचं बोलणंही खरं होतं. दोन्हींचं उत्तर आज देते.

मावशींना हे विचारावंसं वाटलं, यात नवल नाही. पारनेर तालुक्यातून फौजेत गेलेली घरं पुष्कळ. अण्णा हजारे स्वतः फौजेत ड्रायव्हर होते आणि १९६५ च्या लढाईत खेमकरणच्या आघाडीवर होते. नगर शहरात तर रणगाड्यांच्या जवानांचं मोठं प्रशिक्षण केंद्रच आहे. आता मुलीही निघाल्या आहेत. लष्करी परिचारिका पहिल्यापासून होत्याच, १९९२ पासून बाया अधिकारी म्हणून जाऊ लागल्या, आणि २०२१ साली मिलिटरी पोलिसात महिला जवानांची पहिली तुकडी दाखल झाली. आता लेकीच्या अंगावरही वर्दी येणार असेल, तर लेकीच्या तब्येतीचा प्रश्न विचारायलाच हवा.

लढाईतलं विष कसलं असतं?

लढाईत मोठ्या प्रमाणावर विषारी वायू सोडला गेला तो पहिल्या महायुद्धात, २२ एप्रिल १९१५ रोजी, बेल्जियममधल्या ईप्र गावाजवळ. तो क्लोरीन होता. चारच दिवसांनी त्याच आघाडीवर आपले हिंदी जवानही त्या वायूत सापडले. पुढे फॉस्जीन आला, तो फुप्फुसात पाणी भरवतो. मग मस्टर्ड गॅस आला, त्यानं अंगावर फोड येतात, डोळे जातात आणि पुढे कित्येक वर्षं दम लागतो. त्यानंतर मज्जातंतूंवर घाला घालणारे वायू निघाले.

आणखी एक प्रकार आहे आणि तो माणसावर नव्हे, झाडांवर मारला गेला. व्हिएतनामच्या लढाईत १९६२ ते १९७१ या काळात अमेरिकेच्या विमानांनी जंगलावर आणि पिकांवर सात कोटी लिटरपेक्षा जास्त तणनाशक फवारलं. झाडांची पानं गळावी, म्हणजे शत्रूला लपायला जागा राहणार नाही, हा हेतू. त्यातलं सर्वांत जास्त वापरलेलं औषध पिंपांवरच्या नारंगी पट्ट्यामुळे 'एजंट ऑरेंज' म्हणून ओळखलं गेलं. ते दोन तणनाशकांचं मिश्रण होतं. त्यातल्या एकाचं नाव ऐकून दचकाल. टू-फोर-डी. होय, आपल्याकडे ज्वारी, गहू, उसात तणावर मारतात तेच. मात्र पुढची गोष्ट नीट ऐका. एजंट ऑरेंजमधलं मोठं विष दुसऱ्या औषधातून आलं होतं. ते कारखान्यात तयार होताना त्यात डायॉक्सिन नावाचा अतिविषारी घटक मिसळला जात होता. म्हणून टू-फोर-डी आणि एजंट ऑरेंज एकच, असं कुणी सांगितलं तर ते बरोबर नाही. पण टू-फोर-डी उघड्या हातानं कालवावं इतकं ते साधंही नाही.

डायॉक्सिन शरीरातल्या चरबीत साठतं आणि वर्षानुवर्षं राहतं. व्हिएतनाममधल्या आयांच्या दुधात ते १९७० च्या दशकातच सापडलं. पुरुषाच्या आणि बाईच्या शरीराचा अभ्यास वेगळा का करायचा, ते इथे कळतं. पाळी, गरोदरपण, अंगावरचं दूध, पाळी जाण्याचा काळ, या गोष्टी पुरुषाला विचारून कळणार नाहीत. (म्हणून कुणी बाळाला दूध पाजणं थांबवायचं नाही, बरं का. आईचं दूध बाळाला हवंच.)

बाया मोजल्याच नव्हत्या

व्हिएतनामहून परतलेले अमेरिकन जवान आजारी पडू लागले, तेव्हा त्यांच्यावर अभ्यास सुरू झाले. पण सरकारच्या आरोग्य खात्याचा मोठा अभ्यास झाला तो फक्त पुरुष जवानांवर. त्या लढाईत सुमारे ११ हजार अमेरिकन बायाही गेल्या होत्या, बहुतेक सगळ्या परिचारिका. जखमी जवानांचे चिखलानं आणि औषधानं भिजलेले कपडे त्यांनीच कापून काढले होते, तिथलंच पाणी वापरलं होतं, तिथंच वर्ष वर्ष काढलं होतं. पण अभ्यासात त्या नव्हत्या.

आणखी एक गोष्ट सांगते. अमेरिकेच्या जनगणनेत "तुम्ही सैन्यात होता का?" हा प्रश्न बायांना पहिल्यांदा विचारला गेला तो १९८० साली. तेव्हा १२ लाखांवर बायांनी 'हो' म्हणून सांगितलं. तोवर त्या आकड्यात कुठं नव्हत्या, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

लिंडा व्हॅन डेव्हांटर नावाची एक परिचारिका १९६९-७० मध्ये व्हिएतनाममध्ये होती. परत आल्यावर तिनं माजी सैनिकांच्या संघटनेत बायांसाठी काम उभं केलं आणि संसदेच्या समित्यांपुढे जाऊन साक्ष दिली. तिच्यासारख्या बाया मागे लागल्या, तेव्हा १९८६ साली कायदा झाला की व्हिएतनामला गेलेल्या बायांच्या तब्येतीचा वेगळा अभ्यास करायचा. लिंडा २००२ साली गेली. तिला झालेला आजार व्हिएतनाममधल्या रसायनांमुळेच झाला, असं ती शेवटपर्यंत मानत होती.

अभ्यास झाला कसा?

हे मी सविस्तर सांगते, कारण ही रीत आपल्यालाही उपयोगी आहे.

संशोधकांनी व्हिएतनामला गेलेल्या ४,१४० बाया घेतल्या. मग त्याच काळात सैन्यात असलेल्या, पण व्हिएतनामला न गेलेल्या तेवढ्याच, ४,१४० बाया घेतल्या. दोन्हीकडे तेच प्रश्न विचारले. किती वेळा दिवस गेले? गर्भ पडला का? मूल मेलेलं जन्मलं का? वजन कमी होतं का? बाळात जन्मजात काही दोष होता का?

दुसरा गट कशाला? समजा आपल्या गटातल्या दहाजणींपैकी दोघींचा गर्भ पडला. तो औषधामुळे पडला, की अशक्तपणामुळे, की जड ओझ्यामुळे? एकट्या त्या दहाजणींकडे बघून सांगता येत नाही. औषधाशी संबंध न आलेल्या दहाजणी शेजारी ठेवल्या की फरक दिसतो. दोन वाफे शेजारी शेजारी ठेवून एकात खत टाकायचं, एकात नाही, असं आपण करतोच की.

निकाल २००० साली आला. गर्भ पडणं, मूल मेलेलं जन्मणं, वजन कमी असणं, यात दोन्ही गटांत खास फरक नव्हता. पण मुलांमधल्या मध्यम आणि गंभीर जन्मजात दोषांचा धोका व्हिएतनामला गेलेल्या बायांमध्ये जवळपास दीडपट होता. कारण नेमकं कोणतं, हे मात्र अभ्यासाला ठरवता आलं नाही. परिचारिकांचा संबंध तणनाशकाशी आला तसा ऑपरेशनच्या खोलीतल्या भुलीच्या वायूशीही आला, तिथल्या औषधांशीही आला.

तरी त्याच वर्षी कायदा झाला. व्हिएतनामला गेलेल्या बायांच्या अशा मुलांना उपचार, दरमहा भत्ता आणि काम शिकण्यासाठी मदत देण्याचं ठरलं. शेवटचा पुरावा येईपर्यंत त्या मुलांना थांबवलं नाही. पण आकडे समोर आले म्हणूनच हे झालं. लढाई संपल्यावर पंचवीस वर्षांनी झालं, हेही लक्षात ठेवा.

भोपाळमध्ये काय झालं?

आता जवळ येऊ. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळमध्ये कीटकनाशकाच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. तिथं लढाई नव्हती. पण तो वायू बनवायला कारखान्यात जो कच्चा माल लागायचा, त्यात फॉस्जीन होता, म्हणजे पहिल्या महायुद्धात वायूनं जे मेले त्यातले बहुतेक ज्यानं मारले तोच.

सगळं लक्ष डोळ्यांकडे आणि फुप्फुसांकडे होतं. ते साहजिकही होतं, माणसं गुदमरून मरत होती. पण वस्तीतल्या बाया सांगत होत्या की पाळी बिघडली आहे, अंगावरून पांढरं जातंय, ओटीपोटात दुखतंय. त्याची दखल घेतली जात नव्हती. १९८५ साली आपल्या महाराष्ट्रातल्या डॉ. राणी बंग आणि त्यांच्याबरोबर डॉ. मीरा सद्गोपाल यांनी तिथल्या बायांची तपासणी केली. बायांचं म्हणणं खरं निघालं. हे त्रास मोठ्या प्रमाणात होते.

त्यानंतर डॉ. दया वर्मा यांनी नऊ महिन्यांनी घरोघर पाहणी केली. ३,२७० कुटुंबांत त्या रात्री ८६५ बाया गरोदर होत्या. त्यातल्या शंभरातल्या ४३ जणींच्या पदरात जिवंत मूल आलं नाही. जी ४८६ बाळं जिवंत जन्मली, त्यातली शंभरात १४ पहिल्या महिन्यातच गेली. त्याआधीच्या दोन वर्षांत हेच प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होतं. बघा, इथं शेजारचा गट घेतला नाही, तर त्याच वस्तीतले आधीचे दिवस घेतले. तीही तुलनाच.

राणीताई पुढे गडचिरोलीत गेल्या. तिथल्या दोन गावांतल्या ६५० बायांची त्यांनी तपासणी केली आणि १९८९ साली निकाल छापला. शंभरातल्या ९२ जणींना बाईपणाचा काही ना काही आजार होता, आणि त्याआधी तपासणी झाली होती फक्त शंभरातल्या ८ जणींची. गडचिरोलीत कुठला गॅस सुटला नव्हता. म्हणजे दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. बाया खूप सोसतात आणि सांगत नाहीत, ही एक. आणि प्रत्येक दुखण्याचा दोष रसायनावर टाकता येत नाही, तुलना करावी लागते, ही दुसरी.

आजींचं म्हणणं

आता भिंतीला टेकून बसलेल्या आजींकडे येते. १९३६ साली जर्मनीत गेरहार्ड श्राडर नावाचा रसायनतज्ज्ञ पिकावरच्या किडीसाठी औषध शोधत होता. त्या शोधात त्याला टाबुन सापडलं. ते इतकं जहाल निघालं की लष्करानं ते उचललं. मज्जातंतूंवरचा पहिला युद्धवायू तो. आणि आज आपण कीड मारायला वापरतो ते प्रोफेनोफॉस आणि याआधी वर्षानुवर्षं वापरत आलो ते मोनोक्रोटोफॉस, ही त्याच कुळातली, त्याहून सौम्य भावंडं आहेत.

त्यांचं काम कसं चालतं? विहिरीवरची मोटर समजा. बटण दाबलं, मोटर सुरू झाली, पाणी भरलं, बंद केली. शरीरात मेंदूकडून स्नायूला असाच निरोप जातो आणि काम झालं की एक घटक तो निरोप पुसून टाकतो. हे विष त्या पुसणाऱ्यालाच जाम करतं. मोटर चालूच राहते. मग लाळ गळते, घाम फुटतो, उलटी-जुलाब होतात, डोळ्यांची बाहुली टाचणीएवढी होते, अंग थरथरतं, श्वास कोंडतो. रणांगणावर जवानाला यावर जे अॅट्रोपीनचं इंजेक्शन देतात, तेच दवाखान्यात फवारणी बाधलेल्या शेतकऱ्यालाही देतात.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० पेक्षा जास्त जण गेले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. बातमी आली ती पंप पाठीवर घेणाऱ्यांची. पण पिंपात पाणी कोण ओततं? काठीनं औषध कोण ढवळतं? फवारलेल्या वावरात दुसऱ्या दिवशी खुरपायला कोण वाकतं? आणि नवऱ्याचा औषधानं भिजलेला शर्ट दगडावर हातानं कोण धुतं? व्हिएतनाममधल्या परिचारिका मोजल्या नव्हत्या, तशाच या बायाही मोजल्या जात नाहीत. आपण त्याला 'औषध' म्हणतो, त्यामुळे भीतीही वाटत नाही.

म्हणून एवढं करा. गरोदर बाईनं आणि दूध पाजणाऱ्या आईनं औषध कालवायचं नाही, फवारलेल्या वावरात लगेच जायचं नाही. डब्यावरचा त्रिकोण बघा. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. फवारणीचे कपडे वेगळे ठेवा, वेगळे धुवा, हातमोजे घालून धुवा. रिकामा डबा धान्याला, पाण्याला वापरू नका. कुणाला बाधलंच, तर मोकळ्या हवेत आणा, कपडे काढा, साबणपाण्यानं अंग धुवा, मुद्दाम उलटी करायला लावू नका, १०८ ला फोन करा आणि औषधाचा डबा किंवा त्याची चिठ्ठी बरोबर न्या. चिठ्ठी बघून डॉक्टरांना लगेच कळतं.

एक वही घाला

आता मुख्य गोष्ट. बचत गटाच्या हिशेबाची वही आपण दहा दहा वर्षं सांभाळतो. एका रुपयाची चूक झाली तरी रात्री झोप लागत नाही. तशीच एक वही अंगाच्या हिशेबाची घाला.

तिच्यात तारीख लिहा. कुठल्या पिकात काम केलं, कांदा की वाटाणा की ज्वारी, ते लिहा. औषधाचं नाव लिहा, वाचता आलं नाही तर मुलाला सांगून चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा. तुम्ही नेमकं काय केलं ते लिहा, कालवलं, फवारलं, खुरपलं की कपडे धुतले. किती वेळ ते लिहा. त्या दिवशी आणि पुढच्या आठवड्यात डोकं दुखलं, मळमळलं, डोळे चुरचुरले, तर ते लिहा. पाळीची तारीख लिहा. दिवस गेले, गर्भ पडला, बाळंत झालात, तेही लिहा. लाजायचं नाही. आणि ज्या फवारणीच्या कामाला जात नाहीत, त्यांनीही लिहा. त्यांची वही नसेल, तर तुलना कशाशी करणार?

ही वही म्हणजे पुरावा नव्हे, निदानही नव्हे. पण आशाताईंना दाखवली, आरोग्य केंद्रात डॉक्टरांपुढे ठेवली, तर "काय होतंय?" या प्रश्नाला "अंग दुखतंय" एवढंच उत्तर राहत नाही. दहा गटांच्या शंभर वह्या झाल्या, तर गावाला ग्रामसभेत बोलायला काहीतरी हातात असतं. राळेगणमध्ये पाण्याचा प्रश्न सुटला तो थेंब मोजायला लागल्यावरच. दुखण्याचंही तसंच आहे.

आणि त्या मावशींना आणि त्यांच्यासारख्या फौजी घरातल्या सगळ्यांना सांगते. फौजेत एखादा आजार झाला, तर पुढे प्रश्न येतो की तो नोकरीमुळे झाला का, किंवा नोकरीमुळे वाढला का. त्यावर अपंगत्वाची पेन्शन ठरते. वीस वर्षांनी आठवून सांगितलेलं तिथं कमी पडतं. म्हणून लेकीला सांगा की कुठल्या वर्षी कुठे नेमणूक होती, कुठल्या धुरात, रसायनात, दारूगोळ्याजवळ काम केलं, ते लिहून ठेव. आजारी पडलीस की दवाखान्यात नोंद करवून घे, अंगावर काढू नकोस. निवृत्तीच्या वेळी जी वैद्यकीय तपासणी होते, तिच्यात प्रत्येक दुखणं सांग, पाळीचं आणि बाळंतपणाचंही. ज्यांचे यजमान फौजेतून परतले आहेत, त्यांनीही त्यांची जुनी कागदं पेटीतून काढून एका पिशवीत नीट ठेवा. माजी सैनिकांसाठी २००३ पासून आरोग्य योजना आहे, तिच्यात पेन्शनधारकाच्या पत्नीलाही उपचार मिळतात. कार्ड काढलं नसेल, तर अहिल्यानगरला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन चौकशी करा.

बैठक संपताना मावशींनी गटाच्या जुन्या वहीतलं मागचं कोरं पान फाडलं आणि लेकीचं नाव वर लिहिलं. आजी म्हणाल्या, "माझंबी लिही. माझे तीन गर्भ पडले, त्या साली आम्ही उसात औषध मारत होतो." चाळीस वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

तुमच्याही गटात एक आजी असेल. पुढच्या बैठकीत तिला विचारा आणि लिहून घ्या.